साडीचा खरा रंग कोणता?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे, पाठवणाऱ्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसताना, रंगाविषयीच निघाली. रंगपंचमी नुकतीच झाली आहे आणि जुन्या नाशकातल्या रहाडींत, म्हणजे रंगाने भरलेल्या हौदांत, धप्पा मारलेल्यांच्या कपड्यांवरचा रंग अजून पुरता गेला नसेल, हेही त्याचे एक कारण असू शकेल. तिन्ही प्रश्न मला मोलाचे वाटले, म्हणून बाकीची पत्रे पुढच्या अंकासाठी राखून या वेळी याच तिघांना उत्तर देत आहे.

प्रश्न : दिराच्या मुलाचे वैशाखात लग्न आहे. त्यासाठी मागच्या महिन्यात येवल्याहून पैठणी घेतली. दुकानात ती गडद वांगी रंगाची दिसली आणि तिच्याशी तंतोतंत जुळणारे वेगळे ब्लाऊजपीसही तिथेच घेतले. सकाळी घरी गॅलरीत घडी उलगडली, तर साडी डाळिंबीकडे झुकलेली आणि ब्लाऊजपीस मात्र जांभळे. सासूबाई म्हणतात, दुकानदाराने फसवले. अभियांत्रिकीला असलेला मुलगा म्हणतो, "आई, साडीला रंग नसतोच, तो तुझ्या मेंदूत असतो." मला दोघांचेही पटत नाही. साडीचा खरा रंग कोणता, एवढेच सांगा. (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : ताई, आधी दुकानदाराचे पाहू, कारण ते लवकर उरकते. तुमच्या पत्रावरून तरी त्याने फसवल्याचे दिसत नाही. भरपूर उजेडात आपल्याला रंग दाखवणाऱ्या शंकुपेशी डोळ्याच्या पडद्यावर तीनच प्रकारच्या असतात, आणि उजेडातल्या असंख्य लहरींचा हिशेब डोळा या तिघींच्या सांगण्यावरूनच मांडतो. त्यामुळे दोन कापडांवरून येणारा उजेड घडणीने पार वेगळा असला, तरी तिन्ही पेशींवर त्याचा परिणाम सारखा झाला की ती कापडे आपल्याला एकाच रंगाची दिसतात. तुमच्या रेशमात मुरलेला रंग आणि ब्लाऊजपीसमधला रंग बहुधा वेगवेगळ्या रसायनांचे आहेत. दुकानातल्या दिव्याखाली त्यांची बेरीज योगायोगाने सारखी आली आणि उन्हात ती फुटली. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळ्याचा एक टोकदार उंचवटा आणि पिवळ्याच्या आजूबाजूला पसरलेला एक रुंद पट्टा असतो, गडद तांबडा त्यात बहुतेक वेळा कमीच पडतो. उन्हात तो भरपूर असतो, म्हणून साडीत दबून राहिलेला तांबडा गॅलरीत वर आला. शास्त्रात या प्रकाराला मेटॅमेरिझम म्हणतात. मॅचिंगच्या दुकानातून साडीचे टोक आणि कापडाचा तुकडा हातात घेऊन दाराशी, उन्हाच्या पट्ट्यात जाऊन उभ्या राहणाऱ्या बायकांना हा शब्द ठाऊक नसतो, पण गोष्ट पक्की ठाऊक असते. ॲरिस्टॉटलने हवामानावरच्या आपल्या ग्रंथात भरतकाम करणाऱ्यांची अशीच साक्ष नोंदवली आहे : दिव्याच्या उजेडात काम करताना रंग निवडण्यात आमच्या चुका होतात आणि एकाच्या जागी दुसरा धागा ओवला जातो, असे ते म्हणत. म्हणजे तुमची तक्रार निदान तेवीसशे वर्षांची आहे.

आता तुमचा मुलगा. त्याचे म्हणणे त्याला नवे वाटत असले तरी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक विचारवंत डेमॉक्रिटस याने ते स्वच्छ शब्दांत मांडले होते : गोड हे म्हणण्यापुरते, कडू हे म्हणण्यापुरते, रंगही म्हणण्यापुरताच, खरे म्हणाल तर अणू आणि पोकळी. १६२३ मध्ये गॅलिलिओने पिसाचा दाखला दिला. नाकपुडीत पीस फिरवले की गुदगुल्या होतात, पण गुदगुली काही पिसात नसते. रंग, वास आणि चव यांचेही तसेच आहे, असे त्याने म्हटले. काचेच्या लोलकातून सूर्याचा किरण फोडून दाखवणाऱ्या न्यूटननेही १७०४ च्या आपल्या ग्रंथात बजावून ठेवले की, नेमके बोलायचे तर किरण रंगीत नसतात, आपल्यात अमुक रंगाची जाणीव जागवण्याची शक्ती तेवढी त्यांच्यात असते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने तर थेट विचारले की, तांबड्या दगडावरचा उजेड अडवला तर त्याचा तांबडेपणा कुठे जातो? अंधारात त्या दगडाला रंगच नसतो, असे त्याचे उत्तर होते.

लॉकचा हा प्रश्न आपल्या घरात आणून पाहा. तुमची पैठणी रात्री कपाटात घडी घालून ठेवलेली आहे, दार बंद आहे. त्या वेळी ती कोणत्या रंगाची असते? लॉक म्हणेल, कोणत्याच नाही. आपल्याकडचे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे तत्त्वज्ञ, मात्र ठामपणे सांगतील की जी होती तीच आहे. रूप हा वस्तूचा गुण आहे, तो वस्तूत राहतो आणि फक्त डोळ्यांनीच कळतो, ही न्याय-वैशेषिकांची भूमिका. दिसण्यासाठी वस्तूचा उजेडाशी संयोग व्हावा लागतो, कपाटात तेवढाच काय तो होत नाही. पण न दिसणे वेगळे आणि नसणे वेगळे. त्यांच्या मते मातीच्या वस्तूचा रंग खरोखर बदलतो तो तेजाच्या संयोगाने, पाकाने. कुंभाराच्या भट्टीत काळपट कच्चा घडा जातो आणि तांबडा होऊन बाहेर येतो, हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. यावर त्यांचे आपसांतही भांडण होते : वैशेषिक म्हणत की घडा अणूंपर्यंत सुटतो, अणूंचा रंग बदलतो आणि घडा पुन्हा जुळून येतो, नैयायिक म्हणत की अख्खा घडा आहे तसाच राहून रंग बदलतो. भट्टीसमोर उभे राहून इतक्या बारकाईने विचार करणारी ही माणसे मला फार जवळची वाटतात. गॅलरीत आणल्याने तुमच्या साडीचा काही पाक झालेला नाही, तेव्हा तिचा रंगही बदललेला नाही, असा निवाडा ते देतील. मग दुकानात वेगळे का दिसले? स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा दिसतो, पण तांबडेपणा फुलाचा असतो. तसे काहीतरी उपाधीमुळे, म्हणजे शेजारच्या गोष्टीचा गुण वस्तूवर भासल्यामुळे झाले, असे ते म्हणतील.

तुमची पैठणी धूपछाव असेल, म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, तर प्रकरण आणखी खोल जाते. येवल्यात एकदा मागाशेजारी बसलो असताना विणकराने कापडाची एक चुणी दोन बोटांत उचलून खिडकीकडे फिरवली होती. एका बाजूने मोराच्या मानेसारखा निळा, मनगट किंचित वळताच हिरवट, आणि चुणीच्या माथ्यावर दोन्ही एकत्र. त्या कापडाचा रंग कोणता म्हणायचा? हा प्रश्न नैयायिकांना फार पूर्वीच पडला होता. त्यांच्या मते वस्त्र म्हणजे धाग्यांचा नुसता ढीग नव्हे, धाग्यांहून निराळी अशी ती एक अखंड वस्तू आहे, आणि एका वस्तूला सर्वभर व्यापणारे एकच रूप हवे. मग धागे निळे-पिवळे असताना वस्त्राचे रूप कोणते? निळे म्हणावे तर पिवळ्या जागी ते नाही, पिवळे म्हणावे तर निळ्या जागी नाही. आणि रूपच नाही म्हणावे तर वस्त्र दिसायलाच नको. म्हणून त्यांनी 'चित्र' हे स्वतंत्र रूप मानले. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र अशी सात रूपे मोजली आहेत, त्यातले सातवे ते हे. पुढे नव्य नैयायिकांतल्या काहींनी ते नाकारले आणि एकाच वस्तूत जागोजागी निरनिराळे रंग राहू शकतात असे मानले. आज हा वाद शब्दांचा खेळ वाटेल, पण मागावरची ती चुणी पाहिल्यापासून मला तो तसा वाटत नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता : रंग कापडाचा की धाग्याचा, आणि किती जवळून पाहिलेला रंग खरा?

माझे मत विचाराल तर नैयायिकांची एक गोष्ट मी सोडणार नाही आणि एक स्वीकारणार नाही. रंग साडीचा आहे, मेंदूने वरून फासलेला नाही, हे सोडणार नाही. तसे नसते तर सासूबाई, तुम्ही आणि दुकानदार एकाच दिव्याखाली एकच रंग पाहिला नसता. पण उजेड फक्त पडदा बाजूला करतो आणि आत तयार असलेला रंग दाखवतो, हे मला मान्य होत नाही, कारण उजेडालाही स्वतःचे घटक असतात, हे न्यूटननंतर विसरता येत नाही. सकाळचे ऊन, दुपारचे ऊन, ढगाळ उजेड यांतला निरुपाधिक कोणता? कोणताच नाही. तेव्हा साडीचा रंग म्हणजे प्रत्येक उजेडाला ती जे उत्तर देते त्या सगळ्या उत्तरांचा मिळून होणारा तिचा स्वभाव, असे मी म्हणेन. उन्हात डाळिंबी आणि दुकानातल्या दिव्याखाली वांगी दिसणे, ही दोन्ही त्या एकाच रेशमाची लक्षणे आहेत. दुसऱ्या रंगाची साडी अशी वागली नसती. आपण उन्हातल्या रंगाला खरा म्हणतो ते सोयीने आणि सवयीने. कापडाच्या व्यापारातही रंग जुळवण्यासाठी साधारण ६५०० केल्विनचा, दिवसाच्या उजेडासारखा दिवा प्रमाण धरतात, पण ते एक ठरवून घेतलेले माप आहे.

डोळाही यात निमूट बसलेला नसतो. पोलरॉइड कंपनीचा संस्थापक एडविन लँड याने रंगीत कागदांच्या तुकड्यांचा एक फलक तीन वेगळ्या रंगांच्या दिव्यांनी उजळला आणि दिवे असे कमीजास्त केले की राखाडी तुकड्यावरून येणारा उजेड मघाशी तांबड्या तुकड्यावरून आला होता नेमका तेवढाच आणि तसाच झाला. तरी पाहणाऱ्यांना राखाडी तुकडा राखाडीच दिसला, कारण डोळा शेजारच्या तुकड्यांशी तुलना करून उजेडाचा रंग वजा करत असतो. पॅरिसच्या गोबलाँ विणकामशाळेत रसायनज्ञ शेव्हरल याच्याकडे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली, तेव्हा त्यालाही दोष रसायनात सापडला नाही. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी बसल्यामुळे काळा निस्तेज दिसत होता. १८३९ मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथच लिहिला. तुमचे ब्लाऊजपीस साडीशेजारी धरल्यावर अधिकच जांभळे दिसत असेल, त्यामागे हेही कारण आहे.

तुमच्या मुलाला मात्र एक गोष्ट जरूर वाचून दाखवा. डेमॉक्रिटसचे ते वाक्य सांगणारा वैद्य गेलेन त्याच्याच तोंडचे पुढचे बोलणेही देतो, त्यात इंद्रिये बुद्धीला म्हणतात : बिचारे, आमच्याकडूनच पुरावा घेतेस आणि आम्हालाच खोटे पाडतेस? आम्ही पडलो तर तूही पडशील. रंग फक्त मेंदूत असेल, तर ज्या डोळ्यांनी लोलक पाहिला, मापनयंत्रावरचा आकडा वाचला, त्या डोळ्यांचे बाकीचे सांगणे कोणत्या आधारावर खरे धरायचे? सातव्या शतकात बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने ही वाट शेवटपर्यंत चालून पाहिली : निळा आणि निळ्याचे ज्ञान कधीच वेगवेगळे सापडत नाहीत, तेव्हा ते वेगळे नाहीतच, असे तो म्हणाला. १७१० मध्ये आयरिश तत्त्वज्ञ बर्कली जवळजवळ त्याच ठिकाणी पोहोचला. तिथवर जाण्याची तयारी असेल तर मुलाचे म्हणणे सुसंगत आहे; पण मग साडीचा फक्त रंगच मेंदूत ठेवून लांबी-रुंदी आणि वजन बाहेर ठेवता येत नाही.

लग्न दिवसाचे आणि मोकळ्या मांडवात असेल तर ब्लाऊजपीस बदला आणि नवे उन्हात जुळवून घ्या. संध्याकाळचे, बंद कार्यालयातले असेल, तर आहे तेच तिथल्या दिव्याखाली एकदा नेऊन पाहा, शोभेलही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून पंचवटीत राहतो. रामरक्षेत 'ध्यात्वा नीलोत्पलश्यामं रामम्' असे रोज म्हणतो. काळारामाची मूर्ती काळ्या पाषाणाची, आणि घरातल्या कॅलेंडरवरचा राम निळा. आपल्या पूर्वजांना निळ्या-काळ्यातला फरक कळत नव्हता काय? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : गुरुजी, फरक दिसत नक्कीच होता, पण शब्दांची वाटणी आजच्यासारखी नव्हती. अमरकोशातली ओळ आपल्याला पाठ असेल : 'कृष्णे नीलासितश्यामकालश्यामलमेचकाः'. तिथे नील हा शब्द काळ्याच्या नावांच्या रांगेत बसला आहे. ज्याला आपण आज निळा म्हणतो तिथपासून गर्द काळ्यापर्यंतचा सगळा गडद प्रदेश त्या शब्दाच्या अधिकारात होता. आजच्या मराठीतही त्याची खूण उरली आहे. मार लागल्यावर अंग काळेनिळे पडते असे आपण म्हणतो, तेव्हा दोन रंग वेगळे मोजत नसतो.

अशीच शंका १८५८ मध्ये ग्लॅडस्टनला आली होती, जो पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. होमरचा समुद्र मद्यासारखा आहे आणि त्याच्या काव्यात निळ्याला म्हणून शब्दच सापडत नाही, हे त्याने पानोपानी दाखवले आणि प्राचीन ग्रीकांची रंगाची जाण अजून अपुरी होती असा निष्कर्ष काढला. निरीक्षण चांगले होते, निष्कर्ष चुकला. शब्द नसणे हा डोळ्याचा दोष नव्हे. १९६९ मध्ये बर्लिन आणि के या दोन अमेरिकी संशोधकांनी पुष्कळ भाषांतली रंगनामे तपासून दाखवले की ज्या भाषांत मूळ रंगनामे दोनच असतात तिथे ती गडद आणि उजळ यांची असतात, तिसरे आले तर ते तांबड्याचे येते आणि निळ्याला स्वतंत्र नाव त्यानंतर बऱ्याच उशिरा मिळते. त्यांच्या मांडणीवर पुढे आक्षेपही खूप आले, पण निळा उशिरा येतो ही गोष्ट बऱ्याच अंशी टिकून आहे. शब्दांचा पाहण्यावर अजिबात परिणाम होत नाही असेही नाही. रशियन भाषेत गडद निळा आणि फिका निळा यांना दोन वेगळी मूळ नावे आहेत, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे आढळले की दोन छटा त्या सीमेच्या दोन बाजूंना असल्या की रशियन भाषक त्यांतला फरक अधिक लवकर ओळखतात. इंग्रजी भाषकांत तसे दिसले नाही.

आपली मराठी या बाबतीत श्रीमंत आहे, आणि तिची श्रीमंती वस्तूंतून आलेली आहे. डाळिंबी, अंजिरी, आमसुली, वांगी, विटकरी, पोपटी, मोरपंखी, अबोली, गुलबक्षी : रंगाचे नाव घेतले की फळ, फूल किंवा पक्षी समोर येतोच. गर्दपणा सांगणारे जोडशब्दही रंगागणिक ठरलेले आहेत. लाल तो लालभडक, पिवळा तो पिवळाधमक, काळा तो काळाकुट्ट, पांढरा तो पांढराफटक. निळ्याला 'शार' लागतो आणि हिरव्याला 'गार'. भडक निळा असू शकतो, पण 'निळाभडक' कोणी म्हणत नाही. शेकडो वर्षे पाहणाऱ्यांनी रंगाच्या स्वभावाविषयी दिलेले हे मत आहे, असे मी मानतो.

आता नीलोत्पलश्याम. नीलोत्पल म्हणजे निळे पाणकमळ, आणि श्याम हा पाण्याने भरलेल्या ढगाचा रंग. आषाढात त्र्यंबकच्या रस्त्याने जाताना ब्रह्मगिरीवर उतरलेला ढग आपण पाहिला असेल. तो निळा की काळा, हे तिथे उभे राहून ठरवू गेले तर ठरत नाही, आणि ठरवावेसेही वाटत नाही. रामरक्षेतला शब्द त्या ठिकाणचा आहे. मूर्तिकाराला तो काळ्या पाषाणात सापडला. छापील चित्रात काळ्याने चेहऱ्याचे बारकावे बुडतात, म्हणून चित्रकारांनी त्याच शब्दाचे निळे टोक धरले असावे, असे मला वाटते.

प्रश्न : मी बारावीत आहे. ओझरजवळ आमची द्राक्षबाग आहे. काळ्या जातीच्या घडांत पाणी उतरायला लागले की कोणत्या मण्यांना रंग आला हे घरातल्या सगळ्यांना लांबून कळते, मला कळत नाही. डॉक्टरांनी लाल-हिरव्याचे रंगांधत्व असल्याचे सांगितले. मित्र सारखे विचारतात, "तुला लाल कसा दिसतो?" आणि मला सांगता येत नाही. मला दिसते ते जग खोटे आहे का? (एक विद्यार्थी)

उत्तर : तुझे पत्र मी दोनदा वाचले. तुझ्या आधी हा प्रश्न एका मोठ्या माणसाला पडला होता. अणुसिद्धान्त मांडणाऱ्या जॉन डाल्टनला जिरेनियमचे गुलाबी फूल दिवसा आकाशासारखे निळे दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडात तेच तांबूस दिसे. इतरांना असा बदल जाणवत नाही हे कळल्यावर त्याने विचारपूस केली, तर त्याच्या भावालाही तसेच दिसत होते. १७९४ मध्ये मँचेस्टरच्या विद्वत्सभेत त्याने यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा आणि तो तांबडा उजेड शोषत असावा, असा त्याचा तर्क होता आणि मृत्यूनंतर डोळे उघडून पाहावेत असे त्याने सांगून ठेवले होते. १८४४ मध्ये तो गेल्यावर पाहिले, तर द्रव पाण्यासारखा स्वच्छ होता. पण डोळे जपून ठेवले गेले, आणि दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यातल्या डीएनएवरून कळले की मधल्या लहरींना प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी त्याला नव्हत्या. या पेशींची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषांत ते एकच असते, म्हणून हा प्रकार मुलांत मुलींपेक्षा खूप जास्त आढळतो.

लाल कसा दिसतो हे तुला सांगता येत नाही, ही तुझ्या एकट्याची अडचण नाही. तुझ्या मित्रांनाही ते सांगता येणार नाही, विचारून पाहा. ते टोमॅटोकडे बोट दाखवतील, रक्ताचे नाव घेतील, म्हणजे लाल वस्तू सांगतील, लालपणा नाही. बौद्ध आचार्य दिङ्नागाने एक जुने वचन उद्धृत केले आहे : डोळ्याचे ज्ञान असलेला माणूस निळा जाणतो, पण 'हा निळा' असे जाणत नाही. पाहणे आधी होते, नाव मागाहून लागते, आणि पाहण्याचा जो भाग नावात मावत नाही तो प्रत्येकाजवळ तसाच राहतो. लॉकने विचारले होते की तुला झेंडूमुळे जी जाणीव होते नेमकी तीच मला जांभळ्या फुलामुळे होत असेल आणि दोघेही लहानपणापासून तीच नावे शिकलो असू, तर हे कधी उघडकीस येईल का? १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाचे तत्त्वज्ञ फ्रँक जॅक्सन यांनी मेरी नावाची एक वैज्ञानिक कल्पिली. ती जन्मापासून काळ्या-पांढऱ्या खोलीत राहते, रंगाविषयीचे सगळे भौतिकशास्त्र आणि शरीरशास्त्र तिला येते. एक दिवस दार उघडते आणि ती पहिल्यांदा लाल पाहते. तिला काही नवे कळते की नाही? जॅक्सन तेव्हा म्हणाले, कळते, म्हणजे शास्त्राच्या वर्णनात काहीतरी सुटले होते. पुढे त्यांनीच हे मत सोडले. मला त्यांचे पहिले मत अधिक पटते, पण त्यावरून दुसऱ्याचे पाहणे आपल्याला पुरते बंद आहे असे मी म्हणणार नाही. तुला कोणते दोन रंग सारखे वाटतात, कोणत्या उजेडात वेगळे वाटतात, हे तू बारकाईने लिहून काढलेस तर तुझ्या पाहण्याचा नकाशा दुसऱ्याला वाचता येतो. डाल्टनने नेमके तेच केले होते.

खोटेपणाचे म्हणशील, तर मधमाशीला फुलावरच्या अतिनील खुणा दिसतात, त्या माणसाला दिसत नाहीत. बहुतेक पक्ष्यांना शंकुपेशींचे चार प्रकार असतात. त्यांच्या मोजणीने आम्ही सगळेच रंगांध ठरू. तुला एक फरक कमी दिसतो, जे दिसते ते खरेच असते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर रंगांच्या सरमिसळीत लपवलेला आकार तुझ्यासारखी दृष्टी असलेल्यांना सापडला आणि इतरांना सापडला नाही, कारण इतरांचे लक्ष रंगांनीच भरकटवले. मात्र एक मर्यादा मी तुझ्यापासून लपवणार नाही. १८७५ मध्ये स्वीडनमधल्या लागरलुंडा इथे रेल्वेचा मोठा अपघात झाला, त्यानंतर, त्यामागे रंगांधत्व असावे अशा शंकेने, होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने लोकरीच्या रंगीत लड्या वेगळ्या करायला लावून रेल्वेच्या माणसांची तपासणी सुरू केली, आणि सिग्नल पाहून गाडी चालवण्यासारख्या कामांत अशी तपासणी आजही होते. ती कामे तुला मिळणार नाहीत. यात तुझा अपमान नाही. तिथे दुसऱ्यांचे प्राण एका फरकावर अवलंबून असतात.

बागेत मात्र फारसे अडणार नाही. पाणी उतरलेला मणी बोटांत धरला की मऊ लागतो, आणि गोडी मोजायला रिफ्रॅक्टोमीटर असतोच. शिवाय एक करून पाहा. हिरवा पारदर्शक जिलेटिन कागद डोळ्यासमोर धर आणि घड बघ. काळ्या द्राक्षाच्या सालीत जे रंगद्रव्य भरत जाते ते हिरवा उजेड शोषून घेते, त्यामुळे त्या कागदातून कच्चे मणी उजळ दिसतील आणि रंग आलेले गडद. उजळ आणि गडद यांतला फरक तुझा डोळा इतरांइतकाच ओळखतो. आधी बाजारातून एक हिरवा आणि एक काळा घड आणून घरीच सराव कर, आणि पुढच्या हंगामात बागेत काय दिसले ते मला कळव.